ज्या घरात भूत नव्हते

ग्रॅनाडा टेलिव्हिजनने १९८४ साली सुरू केलेल्या शेरलॉक होम्स मालिकेतला ‘द स्पेकल्ड बँड’ हा भाग मी गेल्या आठवड्यात रात्री पुन्हा पाहिला आणि झपाटलेल्या घराची याहून चांगली गोष्ट छोट्या पडद्यावर आपण पाहिलेली नाही, हे माझे मत आणखी पक्के झाले. जेरेमी ब्रेट होम्स, डेव्हिड बर्क वॉटसन आणि जेरेमी केम्प डॉक्टर ग्राइम्सबी रॉयलॉट. मूळ कथा फेब्रुवारी १८९२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आली होती आणि आर्थर कॉनन डॉयल यांनी १९२७ साली आपल्या आवडत्या बारा होम्सकथा निवडल्या, तेव्हा हिला पहिला क्रमांक दिला होता. पुढे मी रहस्य उलगडणार आहे. ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांनी आधी ती वाचावी, अशी मनापासून विनंती.

सरे परगण्यातल्या स्टोक मोरन या जुन्या घरात भुताच्या वाड्याला लागणारे सगळे सामान आहे. एक बाजू पडायला आलेली, खिडक्यांना काचा नाहीत, अंगणात रात्री चित्ता आणि बबून माकड मोकळे फिरतात. दोन वर्षांपूर्वी लग्न पंधरा दिवसांवर आलेली ज्युलिया स्टोनर आतून बंद केलेल्या खोलीतून कशीबशी बाहेर आली आणि ‘ठिपक्यांचा पट्टा’ असे ओरडून तिने प्राण सोडला. त्याआधी काही रात्री तिला पहाटे तीनच्या सुमाराला हलकीशी शीळ ऐकू येत असे. आता तिच्या जुळ्या बहिणीचे, हेलनचे, लग्न ठरले आहे, दुरुस्तीच्या निमित्ताने तिला बहिणीच्याच खोलीत झोपावे लागले आहे, आणि तिनेही ती शीळ ऐकली आहे. सकाळी सकाळी बेकर स्ट्रीटवर येऊन बसलेली ही मुलगी थरथरते आहे ती थंडीने नव्हे, भीतीने, हे ती स्वतःच सांगते.

या भागाची खरी ताकद मला त्या खोलीच्या तपासणीत दिसते. होम्स भिंग घेऊन जमिनीवर पालथा पडतो, फळ्यांमधल्या फटी बघतो, भिंती बघतो आणि मग पलंगाशेजारी लोंबणारी घंटेची दोरी ओढतो. घंटा वाजतच नाही. दोरी वर एका लहानशा झरोक्याजवळ आकड्याला नुसती अडकवलेली आहे. झरोका बाहेरच्या हवेत उघडायला हवा, तो उघडतो शेजारच्या, म्हणजे मुलींच्या सावत्र बापाच्या, डॉक्टर रॉयलॉटच्या, खोलीत. आणि पलंग जमिनीला पक्का जखडलेला आहे, तो तसूभरही सरकत नाही. या तीन वस्तूंत घाबरण्यासारखे काय आहे? एकेकटीत काहीच नाही. पण न वाजणारी दोरी, हवा न देणारा झरोका आणि न हलणारा पलंग एका रेषेत आले, की निजलेल्या माणसाच्या उशापर्यंत वाट तयार होते, आणि ते लक्षात येताच अंगावर जो काटा येतो, तो कुठल्याही पांढऱ्या आकृतीने माझ्या अंगावर आणलेला नाही. पुढे त्याच खोलीत होम्स आणि वॉटसन अंधारात बसून राहतात. उजेड झरोक्यातून पलीकडे दिसेल म्हणून दिवाही लावता येत नाही, आणि मूळ कथेत तर दर पाव तासाने गावातल्या घड्याळाचे टोले तेवढे ऐकू येत राहतात.

या भीतीच्या मुळाशी हिशेब आहे. मुलींच्या आईच्या इस्टेटीचे वार्षिक उत्पन्न पूर्वी सुमारे ११०० पौंड होते, ते शेतमालाचे भाव पडल्यामुळे ७५० वर आले; आणि मृत्युपत्राप्रमाणे लग्न झालेल्या प्रत्येक मुलीला वर्षाला २५० पौंड द्यायचे आहेत. दोघींची लग्ने झाली तर बापाच्या हाती एक तृतीयांश उरणार. मुलीचे लग्न म्हणजे हातची मिळकत जाणे, एवढ्या साध्या कारणाने तिच्या उशाशी मरण सोडणारा पालक मला कोणत्याही पिशाच्चापेक्षा भयंकर वाटतो, आणि केम्प यांनी तो तसाच उभा केला आहे.

तो ‘ठिपक्यांचा पट्टा’ म्हणजे रॉयलॉटने झरोक्यातून दोरीवर सोडलेला साप, आणि कथेत तो भारतातला म्हटला आहे. त्या सापाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. शिट्टी ऐकून दोरीवरून परत चढणारा, बशीतले दूध पिणारा आणि दहा सेकंदांत माणूस मारणारा असा साप भारतात नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ज्यांच्या शेतात निघतात त्यांना हे सांगावे लागत नाही, आणि साप दूध पीत नाही हे आपले सर्पमित्र नागपंचमीला वर्षानुवर्षे समजावत आले आहेत. तरीही ही चूक मला कथेला मारक वाटत नाही, कारण तोवर सगळी भीती त्या खोलीने निर्माण केलेली असते. साप शेवटी येतो आणि शेवटी तो आपल्या मालकालाच डसतो.

मला सलते ते वेगळेच. रॉयलॉट पूर्वी कलकत्त्यात डॉक्टर होता. घरात झालेल्या चोऱ्यांच्या संतापात त्याने आपल्या देशी खानसाम्याला मरेस्तोवर मारले, फाशी थोडक्यात चुकली आणि दीर्घ तुरुंगवास भोगून तो इंग्लंडला परतला. कथेत हे सारे एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकले आहे. रॉयलॉटच्या हातून झालेला कथेतला पहिला खून हाच. ज्युलियासाठी हेलन पहाटे घराबाहेर पडून लंडनला येते, होम्स रात्र जागवतो, आणि रॉयलॉटच्या मृत्यूला आपण अप्रत्यक्षपणे जबाबदार असलो तरी त्याचा सल आपल्याला फारसा राहणार नाही, असेही शेवटी सांगतो. त्या खानसाम्याला कोणी नावही दिलेले नाही, आणि हा भाग पाहताना दर वेळी मी हेलनच्या तोंडून कलकत्ता हा शब्द येण्याची वाट बघत बसतो.