सेक्टर 8, पण कुठला?

नेरुळला राहायला आलो तेव्हाच एक धडा मिळाला. पत्ता सांगताना "सेक्टर 8" म्हणून थांबायचं नाही. सेक्टर 8 वाशीत आहे, बेलापुरात आहे, ऐरोलीतही आहे. आमच्या वास्तुशांतीचे केळीचे खांब टेम्पोत बसून दोन तास वाशीच्या सेक्टर 8 मध्ये मुहूर्ताची वाट बघत होते. सिडको या वसाहतींना 'नोड' का म्हणते, ते मात्र परवा कळलं. संगणकांच्या जाळ्यातल्या यंत्रालाही नोडच म्हणतात.

झालं असं, की जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकलं आणि आईचे अल्बम स्कॅन करून त्यात ठेवले. पुण्याच्या भाच्याला ते तिथून दिसावेत, एवढीच इच्छा. तो म्हणाला, "मामा, तुझ्या इंटरनेटवाल्याने बऱ्याच घरांना मिळून एकच आयपीव्ही4 पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर नंबर, दिलाय. बाहेरून तुझं दार सापडणार नाही." इंटरनेटवाल्याचंही बरोबर. 32 बिटांचे हे पत्ते जगभर मिळून 430 कोटींच्या आतच, त्यांचा मध्यवर्ती साठा 2011 च्या फेब्रुवारीत संपला. भाचा म्हणाला, "व्ही6 वापर, नव्या पद्धतीचे पत्ते. 128 बिट आहेत, संपणार नाहीत."

संपणार नाहीत, पण फोनवर सांगायचे कसे?

"एफ, ई, आठ, शून्य, मग दोन विसर्ग, मग एक."

"विसर्ग? कोलन रे मामा!"

शाळेत संस्कृतचे मार्क विसर्गापायी गेले, ते इथे जोडीने भेटले. त्या जोडीत म्हणे मधली सगळी शून्यं गिळलेली असतात, आणि एका पत्त्यात असं एकदाच गिळता येतं.

आधी स्वतःला पिंग केलं. मीच हाक मारली, मीच ओ दिली. मग राउटरला. उत्तर आलं, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी मला हेच मराठीत सांगतात.

"अरे, एफई80 वाले पत्ते घरातल्या जाळ्यापुरतेच, आणि ते प्रत्येक इंटरफेसवर असतात, वायफायवर आणि केबलवरही. कुठल्या बाजूला शोधायचं ते पुढे टक्क्याचं चिन्ह टाकून सांग."

म्हणजे सेक्टर 8, पण कुठला! नेरुळकराला हे पुण्याहून कळावं?

टक्का टाकला, वायफायचं नाव जोडलं. तीन सेकंद विचार करून लॅपटॉप म्हणाला, 'ॲड्रेस अनरीचेबल'. शेजाऱ्यांची यादी मागवली, तर एकच शेजारी, राउटर, आणि त्याच्यापुढे 'फेल्ड'. तो तर टीव्हीवर बसून हिरवे डोळे मिचकावत होता.

"मामा, फायरवॉलला हात लावलायस?"

लावला होता. फायरवॉल म्हणजे लॅपटॉपच्या गेटवरचा पहारेकरी. पिंगला ओ दिली की चोरांना घर कळतं, असं कुणीसं सांगितलं म्हणून मी आत येणारं आयसीएमपी, म्हणजे पिंगसारखे निरोप, सरसकट बंद केलं होतं, व्ही4 आणि व्ही6 दोन्हीचं. व्ही4 ला ढिम्म फरक पडला नाही, कारण तिथे शेजारी शोधायला एआरपी नावाचा वेगळा गडी आहे. व्ही6 मध्ये मात्र शेजाऱ्याची चौकशी आयसीएमपीच करतं, आणि "मी राउटर, हा घ्या तुमच्या पत्त्याचा पहिला भाग" ही दवंडीसुद्धा तेच पिटतं. मी दवंडीवाल्यालाच गेटवर अडवून वर शेजारी बोलत नाहीत म्हणून कुरकुरत होतो.

नियम काढला, वायफाय बंद करून चालू केलं. 2 ने सुरू होणारा, घराबाहेरही चालणारा लांबलचक पत्ता प्रकटला, पिंगही पळायला लागलं. हौसेने तो पत्ता वाचून दाखवू लागलो.

"मामा, व्हॉट्सॲप कर."

केला. पाच मिनिटांनी फोन. "अजून आत येता येत नाहीये. राउटरचीही फायरवॉल असते."

"ती मी नाही लावली हं," असं म्हणून मी चहा टाकायला उठलो.