मॉरिशसला निघालात? मग आधी हे वाचा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मॉरिशसच्या सहलीचं पत्रक आलं. एका मुलीने विचारलं, "जायच्या आधी काही वाचायला सुचवा ना." उत्तरं काय आली? कुठला बीच, कुठे व्हेज मिळतं, आणि "वाचायचं काय त्यात, मिनी इंडियाच आहे तो!" माझं डोकंच फिरलं. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

मिनी इंडिया म्हणे! मुळात त्या बेटावर वस्तीच नव्हती. १५९८ मध्ये डच आले, मग फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज. आपले मजूर जहाजं भरभरून यायला लागले ते १८३४ पासून. त्याआधी शंभरहून जास्त वर्षं मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी ते बेट उभं केलं. त्यांच्या वंशजांना तुम्ही काय सांगणार, की तुम्ही आमच्या छोट्या भारतात राहता?

मी गेले होते तेव्हा आमचा ड्रायव्हर क्रिओल होता, म्हणजे त्याच गुलामांच्या वंशातला. ल मॉर्न डोंगराखाली त्याने मुद्दाम गाडी थांबवली. पळालेले गुलाम त्या कड्यावर लपायचे. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली, ते सांगायला शिपाई वर गेले. धरायलाच आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. तो सांगत होता आणि आमची मंडळी समुद्राकडे पाठ करून फोटो काढत होती. मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडचे सगळे आप्रवासी घाट दाखव म्हणतात. इथे कुणी काही विचारत नाही." आप्रवासी घाट म्हणजे आपले मजूर जिथे उतरायचे तो बंदरातला धक्का.

म्हणून माझ्या यादीत पहिलं पुस्तक मेगन व्हॉन यांचं 'क्रिएटिंग द क्रिओल आयलंड'. अठराव्या शतकातल्या गुलामांचं जगणं त्यांनी कोर्टाच्या कागदांतून शोधून काढलंय. जड आहे, मान्य. सहलीच्या बॅगेत कोणी टाकणार नाही, तेही मान्य. पण निदान सुरुवातीची प्रकरणं वाचा.

मग अभिमन्यू अनत यांचं 'लाल पसीना'. मॉरिशसच्याच माणसाने हिंदीत लिहिलेली, १९७७ ची कादंबरी. उसाच्या मळ्यातल्या आपल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची गोष्ट. आणि मरीना कार्टर यांचं 'व्हॉइसेस फ्रॉम इंडेंचर', त्यात मजुरांची पत्रं, अर्ज, तक्रारी आहेत. हे वाचून मग पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढा. १९२० पर्यंत साधारण साडेचार लाख माणसं आली, त्यातली बरीचशी तिथूनच आत गेली. त्यात मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातली माणसंही होती. गणेश चतुर्थीला तिथे अख्ख्या देशाला सुट्टी असते, मराठी घरांत झाकरी, म्हणजे आपली कोकणातली जाखडी, नाचतात. ते बघून माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू? अभिमान वाटू दे की. पण तेवढंच बघून परत यायचं?

त्या ड्रायव्हरने संध्याकाळी त्याच्या गावात सेगा, म्हणजे गुलामांपासून चालत आलेलं तिथलं गाणं, ऐकायला नेलं. त्यात वाजतो तो रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा, चपटा डफ. वाजवायच्या आधी गवत पेटवून त्या जाळावर फिरवून फिरवून तापवतात, मधेच बोटाने टिचकी मारून आवाज बघतात. आपल्याकडे हलगी शेकतात तसंच अगदी. हॉटेलात जेवताना जो सेगा दाखवतात त्यात हे काही नसतं. त्याच सेगाला रेगे जोडून गाणारा काया हा गायक फेब्रुवारी १९९९ मध्ये पोलीस कोठडीत मेला आणि देश काही दिवस पेटला होता. क्रिओल लोकांच्या मनात किती साचलं होतं ते तेव्हा दिसलं. काया कोण, हे त्या ड्रायव्हरनेच मला सांगितलं; पत्रकात कसं असणार!

कादंबरीच हवी असेल तर नताशा अप्पाना यांची 'द लास्ट ब्रदर' घ्या. पॅलेस्टाइनमध्ये उतरू न दिलेल्या सुमारे दीड हजार ज्यूंना इंग्रजांनी १९४० ते ४५ मॉरिशसमधल्या बो बासँच्या तुरुंगात ठेवलं होतं. ती गोष्ट एका भारतीय वंशाच्या पोराच्या नजरेतून येते. छोटी आहे, विमानात संपेल.

ग्रुपवरच्या त्या मुलीला मी वेगळा मेसेज केलाय. 'लाल पसीना' माझ्याकडे आहे, ज्याला हवं त्याने घरी येऊन न्यावं. बाकीची तुमच्या वाचनालयात नसतील तर मागणी नोंदवा.