नकार द्या, पण कळवा तरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कुत्रे दत्तक घेण्यासाठी पुण्यातील एका निवारा केंद्रात गेल्यावर आलेल्या अनुभवावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या केंद्राकडून चांगल्या ग्राहकसेवेची अपेक्षा धरणे हा उद्धटपणा आहे आणि तेथे विचारले जाणारे प्रश्न कुत्र्याच्या भल्यासाठीच असतात, असे आपले म्हणणे आहे.

प्रश्नांबाबत आपल्यात मतभेद नाहीच. दिवसभर कुलूप असलेल्या फ्लॅटमध्ये लहान पिल्लू ठेवू पाहणाऱ्याला केंद्राने नाही म्हटलेच पाहिजे. भटकी कुत्री दत्तक घेण्याची मुभा देताना सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली आहे. माझी तक्रार वेगळी होती. वेळ देऊन बोलावलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचे, ज्या पिल्लाचा फोटो पाहून तो आला ते आधीच दुसऱ्या घरी गेल्याचे कळवायचे नाही आणि अर्ज भरून घेतल्यावर हो किंवा नाही काहीच सांगायचे नाही, याला मनुष्यबळाची कमतरता हे कारण मला पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकायला कितीसा वेळ लागतो?

लसीकरणाच्या कार्डाबद्दल मी 'नको इतकी चिकित्सा' केली, असेही आपण लिहिले आहे. मला दाखवलेल्या पिल्लाच्या कार्डावर पेनाने लिहिलेली तारीख तेवढी होती; पशुवैद्याची सही नव्हती आणि लसीच्या कुपीवरचे जे स्टिकर काढून तेथे चिकटवतात, तेही नव्हते. विचारल्यावर "दिलीय हो लस, काळजी करू नका" एवढेच उत्तर मिळाले. पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून साधारण १६ आठवड्यांचे होईपर्यंत ठरावीक अंतराने डोस द्यावे लागतात. पार्वो या पिल्लांसाठी जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण झालेले पिल्लू सुरुवातीचे काही दिवस अगदी टुणटुणीत दिसू शकते आणि त्याचे विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतात. अशा वेळी कोणती लस कधी दिली हे कार्डावरून कळत नसेल, तर पुढचा डोस पशुवैद्याने कशाच्या आधारे ठरवायचा? ही माहिती माझ्या सोयीपेक्षा त्या पिल्लालाच अधिक गरजेची आहे.

दत्तक देताना केंद्र मागते त्या सोसायटीच्या ना-हरकत पत्राचेही तसेच. भाड्याच्या घरात मालकाची संमती विचारणे रास्त आहे. परंतु सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. खरे तर हे केंद्रानेच आलेल्या माणसाला समजावून सांगायला हवे.

पिल्ले विकणारा माणूस पाच मिनिटांत व्हिडिओ पाठवतो आणि पिल्लू घरपोच आणून देतो, हे आपणही जाणता. केंद्राकडून उत्तर न मिळालेले कुटुंब बहुधा तिकडेच वळते आणि केंद्रातली वयात आलेली काळी देशी कुत्री, जिच्याकडे तसेही फारसे कोणी पाहत नाही, पिंजऱ्यातच राहते.

आपण स्वतः ज्या केंद्रात काम करता, तेथे नकाराचे कारण लेखी कळवतात, असे आपण नमूद केले आहे. त्या पत्राचा नमुना पाठवलात, तर मूळ लेखाखाली तो आनंदाने देईन. इतर केंद्रांनाही त्याचा उपयोग होईल.