अहमदाबादला अडकलेलं विमान

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी छोट्याशा पस मॉथ विमानात टपाल घालून कराचीहून निघाले, अहमदाबादला टेकले आणि त्याच दिवशी जुहूला उतरले. पुढे त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. हाच प्रवास मी महिनाभर कॉम्प्युटरवर, विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये करतोय आणि अजून अहमदाबाद सुटलेलं नाही.

विमान उडवता येतं हो मला. घोडं अडतं ते थांबल्यावर. टाटा कच्छवर असताना त्यांना कुणी "अहो, सिलिंडर आलाय!" अशी हाक मारली नव्हती. मला मारली. मी सेव्ह केलं, सिलिंडर आत घेतला, जेवलो आणि रात्री अकराला परत बसलो.

फाईल उघडली तर साडेपाच हजार फुटांवर मिट्ट काळोख. दुपारी सोडलेल्या विमानाला सिम्युलेटरनं आमच्या भिंतीवरचं घड्याळ लावलं होतं. विमानाचा पंखा गप्प. माझ्या छोट्या सेसना विमानाचं इंजिन बंद पडलं की नाक खाली घेऊन वेग अडुसष्ट नॉटच्या आसपास धरायचा, हे तोंडपाठ आहे. मिक्स्चरची, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाची कळ कीबोर्डवर कुठे आहे, हे नाही. ती सापडेपर्यंत दोन हजार फूट गेले.

इंजिन लागलं. टाक्या मात्र काठोकाठ! टाटांसाठी अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं म्हणतात. माझी बैलगाडी थेट ढगात चढली असणार. हायसं वाटून ऑटोपायलट लावला, तर विमान सावकाश वळलं आणि दप्तर विसरलेल्या पोरासारखं कराचीकडे चालू लागलं. मार्गाची जांभळी रेघ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती.

तेव्हापासून हवेत सेव्ह करणं बंद. अहमदाबादला रीतसर उतरलो, पार्किंग ब्रेक लावला, सगळे स्विच खाली केले. 'अहमदाबाद', 'अहमदाबाद नक्की', 'अहमदाबाद नक्की २' अशा तीन फाईली केल्या. दुसऱ्या दिवशी तिन्हींत विमान धावपट्टीच्या तोंडाशी, इंजिन घुमतंय, टाक्या बरोब्बर अर्ध्या. टाटांच्या वेळी सेव्हचं बटण नव्हतं, म्हणूनच ते पोचले.

शेवटी कागदावर भरवसा ठेवला. डाव्या टाकीत १४ गॅलन, उजवीत १५. पुन्हा बसताना हाताने भरू. हाताशी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर होतं. त्या दिवसाच्या चौकोनात, आधीच्या 'दीड'खाली, लिहिलं: १४, १५.

काल महिना संपला. ही ओट्यापाशी हिशोब करत होती, दूधवाला दारात.

"अहो, इकडे या जरा," ती हळूच म्हणाली. "माझ्या हिशोबानं चौऱ्याहत्तर लिटर होतंय आणि हे पंचेचाळीसचेच पैसे मागतायत. इतका सज्जन माणूस मी पाहिला नाही हो!"