सगळ्यांना एकाच पानावर आणण्याचे उपाय

पहिली-दुसरीचा वर्ग मिळालाय आणि स्तरानुसार, म्हणजे ज्याला जितकं वाचता येतं तसे गट करून, वाचन घ्यायचंय? घाबरू नका. प्रशिक्षणात जितकं सोपं सांगतात तितकंच सोपं आहे ते.

आधी गट पाडा. नावं पक्ष्यांची द्या, म्हणजे मुलांना काही कळत नाही. पहिल्याच मधल्या सुट्टीत "तू चिमणी गटातला, तुला वाचता येत नाही" असं कानावर आलं, तर फळा पुसत राहा.

गट एकदा पाडले की वर्षभर हलवू नका. तक्ता रंगवून झालाय ना!

वेळेचं गणित तर फारच सोपं. चाळीस मिनिटांचा तास, चार गट, प्रत्येकी दहा मिनिटं. उरलेले तीन गट तोवर गुपचूप स्वाध्याय करतात. सहा वर्षांची मुलं, दुसरं काय करणार? "बाई, यानं माझा खोडरबर घेतला" हा बहुधा स्वाध्यायाचाच भाग असावा.

तपासणीला कुणी आलं, तर अडखळणाऱ्या मुलाजवळ चुकूनही बसू नका. परवा मी बसले होते. तो 'दिवा'ला 'इदवा' म्हणत होता. बरोबरच आहे की त्याचं, वेलांटी दिसते आधी आणि बोलायची नंतर. मी 'द'वर बोट ठेवून त्याला परत वाचायला लावत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, बाकीची मुलं कुठल्या कुठे गेली, हा अजून इथंच? सगळ्यांना एकाच पानावर आणा." याच साहेबांनी प्रशिक्षणात माईक हातात धरून 'प्रत्येक मूल वेगळं असतं' म्हणून आमच्याकडून टाळ्या घेतल्या होत्या! मग त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. तिनं धडा घडाघडा म्हटला, साहेब खूश. पुस्तकात तिचं पान भलतंच उघडं होतं, धडा तिला पाठ होता. त्यात काय आहे, हे एका शब्दानं तिला विचारलं नाही. त्या मुलाला मात्र सगळ्या वर्गादेखत 'कच्चा' ठरवून गेले. त्यानंतर तो तोंडच उघडेना.

अहो, पुरे करा हे सोंग! एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत ज्याला पहिला शब्द आठवत नाही, त्याच्यापुढे पानभर धडा ठेवून काय साधणार आहात? आणि पाठांतराला वाचन म्हणून शाबासकी दिलीत, तर त्या मुलीची अडचण कळणार कधी? वाचता येतील अशी छोटी पुस्तकं द्या. मी एका गटासोबत असताना बाकीच्यांपाशी बसायला एक माणूस द्या. तक्ते मागणं बंद करा. आणि वर्गात यायचंच असेल, तर दारात उभं राहून शेरे मारू नका. खाली बसा, एका मुलाचं वाचन शेवटपर्यंत ऐका, आणि ते अडलं की लगेच शब्द सांगून मोकळे होऊ नका!