लागलं की पूर्ण झालं?

"सन 2015 साली"! अहो, सन म्हणजेच साल. एकच काय ते लिहा ना. पण तेही एक वेळ चालवून घेईन. डोकं फिरतं ते 'लागलं' आणि 'पूर्ण झालं' यांच्या खिचडीनं. पंचविसावं वर्ष लागलं म्हणजे 24 पूर्ण झाली, 25 नव्हे! तरी '25 वर्षं पूर्ण'चे फलक वर्षभर आधीच झळकतात. सांगायला जावं तर म्हणे, "एका वर्षानं काय बिघडतं?" मग पगार वर्षभर उशिरा दिला तर चालेल का?

शतकांचंही तेच. 21वं शतक सुरू झालं 1 जानेवारी 2001 ला, कारण इसवी सनात शून्य वर्षच नाही, इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1. म्हणून इ.स.पू. 10 ते इ.स. 10 हे अंतर 19 वर्षांचं. सरळ बेरीज करून 20 ठोकून देणारे (शिकलेसवरलेले!) भेटतातच.

आणि '5 ते 10 तारीख' म्हणजे दिवस किती? दोन्ही टोकं धरली तर 6, एकच धरलं तर 5. कुठलं धरलंय एवढं लिहायला शाई संपते का?