दिवाळीतली रांग, ११८ सेंटिमीटर आणि एक तारा : पार्कच्या मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय आधी रागात वाचला, मग चहा घेऊन वाचला. दुसऱ्या वाचनानंतर लिहितोय, म्हणून थोडं लांबेल. कोल्हापूरहून सहकुटुंब आलात, दिवाळीच्या सुट्टीतला एक अख्खा दिवस गोव्यातल्या आमच्या राइडच्या पार्कात घालवलात आणि एक तारा देऊन गेलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक राइडला तास-तास रांग, आठ वर्षांच्या मुलाला तासभर उभं करून ऐन वेळी परत पाठवलं, तुम्हाला स्वतःला सगळ्यांसमोर सीटवरून उतरवलं, काही मंडळी वशिल्याने बाजूने पुढे गेली, आणि मिसळ मिळमिळीत. अभिप्राय सगळ्यांनी वाचलाय, तेव्हा उत्तरही सगळ्यांसमोरच देतो.

मुलापासून सुरुवात करू. तिकीट खिडकीपाशी आम्ही मुलांना बूट काढायला लावून मोजतो. तुमचे चिरंजीव तिथे ११८ सेंटिमीटर भरले. त्यांना लहान मुलांचं तिकीट लागलं आणि मनगटावर पिवळी पट्टी बांधली गेली. पाण्याच्या मोठ्या घसरगुंडीला १२० सेंटिमीटर लागतात, म्हणजे हिरवी पट्टी. जिन्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आमच्या कामावरच्या पोराने पिवळी पट्टी पाहून तुम्हाला थांबवलं होतं. तुम्ही "वर बघू" म्हणालात, सोबतच्या भाच्याची हिरवी पट्टी दाखवलीत आणि जिना चढू लागलात. खाली जे सांगितलं होतं तेच वर सांगितलं गेलं. मधला तास तुमच्या "वर बघू"चा होता.

"दोन सेंटिमीटरने काय आभाळ कोसळणार होतं?" असं तुम्ही विचारलंय. आभाळ कोसळत नाही, पण मूल मध्येच अडकतं. हलक्या अंगाचं मूल पाण्याबरोबर पुरेसा वेग घेत नाही. बंद नळीच्या वळणावर ते रेंगाळलं तर वरून पुढच्याला सोडणाऱ्याला दिसत नाही, आणि मागून येणारा सत्तर-ऐंशी किलोचा माणूस काही ब्रेक लावू शकत नाही. खालच्या कुंडात मोठ्यांच्या कमरेला लागणारं पाणी मुलाच्या छातीशी येतं. वेगाने येऊन गटांगळी खाल्लेल्या पोराचे पाय तिथे पटकन टेकले पाहिजेत. कोरड्या, म्हणजे पाणी नसलेल्या, राइडवर कारण वेगळं. मांडीवरचा बार कमरेच्या हाडावर बसायला हवा. लहान मुलाच्या मांड्या आखूड आणि शरीराच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे अंगाचा भार वरच्या बाजूला असतो. उसळी बसली की असं अंग बारच्या खालून तरी सटकतं नाहीतर वरून तरी. म्हणून आम्ही वय विचारत नाही, उंची मोजतो. दहा वर्षांचं बुटकं मूल थांबतं आणि सात वर्षांचं उंच मूल जातं, आणि त्यावरून बहीण-भावंडांत जे रडणं होतं ते आम्ही रोज ऐकतो.

रेघ कुठे मारायची हे मी ठरवत नाही. प्रत्येक राइडसोबत बनवणाऱ्या कंपनीचं जाडजूड पुस्तक येतं, त्यात किमान उंची, कमाल वजन, एका राफ्टमध्ये (हवा भरलेल्या तराफ्यात) किती जण आणि कुणी कुठे बसायचं हे सगळं छापलेलं असतं. मला तो आकडा कडक करता येतो, सैल करता येत नाही. ११८ सोडलं तर उद्या ११६ वाले बाबा माझ्यासमोर उभे राहतील, आणि त्यांचा मुद्दा तुमच्याइतकाच बिनतोड असेल.

आता तुमच्याबद्दल. हे लिहिताना मला अवघड वाटतंय, कारण तुमचा राग मला खोटा वाटत नाही. चारचौघांत, बायको-मुलांसमोर, मोबाइल काढून उभ्या असलेल्या पोरांसमोर सीटवरून उतरावं लागणं कुणालाच आवडणार नाही. तुम्ही लिहिलंय, "मी जाड नाही, तालमीत घडलेलं शरीर आहे." मान्य, साहेब, आणि अडचण तीच झाली. तुम्हाला उतरवलं त्या राइडचा हार्नेस, म्हणजे माणसाला सीटला धरून ठेवणारी चौकट, खांद्यावरून खाली येतो आणि छातीवर बसतो. पोट सुटलेला नव्वद किलोचा माणूस त्यात बसून जातो, पण पैलवानी छातीचा माणूस अडतो. मांडीवर बार येणाऱ्या राइडवर बरोबर उलटं होतं. म्हणून गेटवर वजनकाटा ठेवून हा प्रश्न सुटत नाही. सहा फुटांच्या वर गेलेल्यांचीही कधी कधी पंचाईत होते : गुडघे पुढच्या सीटला लागतात, आणि हात वर केला तर तो खांबापासून पुरेसा लांब राहायला हवा. राइडची आखणी होते तेव्हा हात-पाय पसरलेल्या माणसाभोवती किती जागा मोकळी हवी ते मोजूनच खांब उभे करतात.

सुरुवातीच्या चौकात आम्ही त्या राइडची एक खरी सीट ठेवली आहे. हार्नेससकट. बसून बघायची, फोटोही काढायचा. बरेच लोक फक्त फोटो काढतात. लॉक लागतं का ते तिथे कुणी हसायला नसताना कळतं. पुढच्या वेळी कृपया तिथे एकदा बसा.

आमच्या ऑपरेटर मुलीवर तुम्ही "उद्धट" असा शेरा मारलाय, तो मात्र मला मान्य नाही. तिने हार्नेस हाताने एकदा दाबला, लॉक लागलं नाही, पुन्हा एकदा दाबला, आणि "काका, उतरावं लागेल" म्हणाली. गुडघा लावून, दोघांनी मिळून दाबायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. त्या क्षणी तिचा शब्द शेवटचा असतो. मी मालक असलो तरी वर जाऊन तिला "जाऊ दे गं, पाहुणे लांबून आलेत" म्हणू शकत नाही. आणि म्हटलं तरी राइड सुटणार नाही, कारण ती सोडायला दोन ठिकाणी दोन माणसांनी एकाच वेळी बटण दाबावं लागतं.

"थोडं ॲडजस्ट करायला काय जातं?" या तुमच्या वाक्याला उत्तर म्हणून एक घटना सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला मार्च २०२२ मध्ये उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या एका राइडवरून चौदा वर्षांचा मुलगा पडून दगावला. अंगाने मोठा मुलगा, वजन १७० किलोंच्या वर. बनवणाऱ्या कंपनीची मर्यादा होती सुमारे १३०. चौकशीत निघालं की त्याच्या सीटचा सेन्सर हाताने सरकवून ठेवला होता, म्हणजे हार्नेस नेहमीच्या जवळजवळ दुप्पट उघडा राहिला तरी यंत्राला तो बंद वाटावा. लॉकचा दिवा लागला आणि राइड सुटली. पुढे ती राइड उतरवली आणि फ्लोरिडात २०२३ मध्ये नवा कायदाही आला. या धंद्यात ॲडजस्ट करणं म्हणजे असं असतं. त्या मुलाला त्या दिवशी कुणीतरी सगळ्यांसमोर उतरवायला हवं होतं.

आता रांग. इथे मी गोड बोलणार नाही. दिवाळीत रांग असतेच आणि पुढच्या दिवाळीतही असेल. आमच्या मोठ्या घसरगुंडीवरून एका वेळी एकच माणूस सुटतो. खालचा जीवरक्षक कुंड मोकळं झाल्याची खूण करतो तेव्हाच पुढचा. अर्धा मिनिट धरलं तरी तासाला १२० माणसं झाली. दुपारी तीनशे जण जिन्यावर उभे असतील तर शेवटच्याला अडीच तास लागणारच. हा वेळ कमी करायचा एकच झटपट मार्ग आहे, खूण यायच्या आधीच माणूस सोडायचा. तो आम्ही वापरत नाही.

कोरड्या राइडवर वेळ कुठे जातो ते एक दिवस बाजूला उभं राहून बघण्यासारखं आहे. फेरी दीड मिनिटाची. मग एकाची चप्पल, एकीची पर्स, एकाला आयत्या वेळी आठवलेला खिशातला मोबाइल, आणि चौघा मित्रांचा "आम्ही एकाच ओळीत बसणार" हा हट्ट, ज्यात दोन सीट रिकाम्या जातात. भरून सुटेपर्यंत फेरीपेक्षा जास्त वेळ भरण्यातच जातो. त्यात तुम्ही आलात त्या दिवशी दुपारी परतीच्या पावसाने वीज दाखवली. गोव्यात ऑक्टोबरमध्ये सकाळ लख्ख आणि चारनंतर गडगडाट, हे नेहमीचंच. विजा चमकायला लागल्या की उंच राइड आणि पाण्यातलं सगळं थांबतं. गडगडाट पुरता थांबून अर्धा तास झाला की रिकामी फेरी मारून बघतो, मगच माणूस बसवतो. लाइट जाऊन जनरेटरवर आलो तरी रिकामी फेरी चुकत नाही. रांगेतल्या माणसाला रिकामी राइड फिरताना दिसली की त्याचं डोकं फिरतं, हे मला कळतं. पण ती फेरी त्याच्यासाठीच असते.

वशिल्याबद्दल. गोव्यात कुणीही पुढे गेला की तो आमदाराचाच माणूस, असं आपण सगळेच धरून चालतो! तुम्हाला बाजूने जाताना दिसली ती दोन प्रकारची माणसं होती. एक, एकट्याने बसायला तयार असलेली; त्या वर सांगितलेल्या रिकाम्या सीट आम्ही त्यांना देतो. दुसरे आळीपाळीवाले : आई लहान बाळाला घेऊन खाली थांबते, बाबा रांगेतून बसून येतात, मग आई रांगेत न लागता जाते. तुमच्या धाकट्या मुलीसाठी तुम्हालाही हे करता आलं असतं. राइडच्या तोंडाशी विचारलं की कार्ड मिळतं.

पैसे भरून पुढे जायचा पास आमच्याकडे नाही, आणि ठेवा म्हणून मला अनेकांनी सुचवलंय. डिस्नेने १९९९ मध्ये अशी सोय फुकट सुरू केली होती, २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे लागणारी आणली. मोठ्यांचं मोठ्यांना शोभतं. तासाला १२० माणसं जाणाऱ्या घसरगुंडीवर ४० पासवाले घातले तर उरलेल्यांसाठी ८० जागा राहतात. म्हणजे पासचे पैसे मला मिळतात आणि तास तुमचा जातो. गर्दी हाताबाहेर जाते असं वाटलं की आम्ही तिकीट खिडकी बंद करतो. त्या दिवशीही दुपारी केली होती. गेटबाहेर ज्यांना परत जावं लागलं त्यांचे एक तारेवाले अभिप्राय तुमच्या खालीच आहेत. मे २०२५ मध्ये इथल्याच, गोव्यातल्या शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. त्यानंतर गोव्यात गर्दी जमवणाऱ्या कुणालाही "अजून थोडे आत घेऊ" म्हणताना दहादा विचार करावा लागतो.

मुलाच्या तिकिटाचे पैसे परत मागितलेत. ते देता येणार नाहीत, कारण त्याला पिवळ्या पट्टीचंच तिकीट लावलं होतं आणि त्या पट्टीत चालणाऱ्या सगळ्या राइड त्याच्यासाठी उघड्या होत्या.

पुन्हा येणार असाल तर मंगळवार ते गुरुवार या. दिवाळीतच यायचं असेल तर नरकचतुर्दशीची सकाळ धरा : गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, रात्रभर नरकासुराच्या पुतळ्यांमागे फिरून, पोहे खाऊन झोपलेला असतो आणि दुपारनंतर उगवतो. कोल्हापूर-बेळगावच्या बसही घाट उतरून अकराच्या सुमारास येतात. गेट उघडताना आलात तर आधी थेट मागच्या टोकाला जा. सगळे जण दारातल्या पहिल्या राइडलाच चिकटतात.

राहिली मिसळ. ती गोव्याची पोरं आणि त्यांच्या आज्या खातात, त्यामुळे तिचा तिखटपणा वाढणार नाही. कोल्हापूरच्या माणसाने इथे मिसळ मागवूच नये असं माझं मत आहे. त्याच काउंटरवर पातळ भाजी आणि गरम पाव मिळतो, तो घ्या, आणि वर तळलेली मिरची मागून घ्या.